पहिल्यापासूनचं पुस्तक

माझं बोट जाड पुस्तकावर गेलं. मी ते नेलं असं म्हणायला जीभ वळत नाही, पण बोट माझंच होतं, नखाच्या कडेला सकाळची हळद लागलेलं, आणि ते काउंटरच्या काचेवरून सरकत, बारीक पुस्तकाला वळसा घालून, जाड पुस्तकावर जाऊन थांबलं. "हेच ना?" माझ्याबरोबर आलेला राजरत्न म्हणाला. मी मान हलवली. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातलं ते दुकान, कॉलेजच्या पुस्तकांचं. मालक जयदेवशेठ, जाड भिंगांचा म्हातारा सिंधी माणूस. त्याने बारीक पुस्तक उचललं आणि पाठीमागच्या फळीवर दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत परत खोचलं. फट बुजली. कागदावर कागद घासल्याचा एवढासा आवाज झाला. तो मला अजून ऐकू येतो.

मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत नसतं तर बरं झालं असतं. न कळण्याची मला पुष्कळ वर्षांची सवय होती, न कळून केलेल्या चुका माणूस विसरतो. पण मला सगळं नीट सांगितलेलं होतं. त्याच आठवड्यात मायाने मला स्वयंपाकघरात गाठलं होतं. माया माझी नात, माझ्या हरिचंद्राची मुलगी, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बदलापूरच्या शिरगावात आमची जी वस्ती आहे तिच्यातून तिकडे गेलेली ती पहिली. मी भाकरी थापत होते आणि ती दाराला टेकून उभी राहिली, आतही नाही, बाहेरही नाही, तिच्या आजोबांची, धोंडिबाची, काही मागायचं असलं की उभं राहायची हीच तऱ्हा होती. "आजी, गुणगौरवाला विहारातर्फे मला पुस्तक देणारेत ना? तू जाणार ना आणायला?" म्हटलं, मी आणि राजरत्न. "मग ऐक ना. डेटा स्ट्रक्चरचं घे. पण बिगिनरवालं. एकदम पहिल्यापासूनचं." म्हटलं, ते काय असतं? "कॉम्प्युटरमध्ये माहिती रचून कशी ठेवायची आणि मग ती पटकन शोधायची कशी, ते. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आणि मला त्यातलं घंटा काही कळत नाही." तिने जीभ चावली. "सॉरी. पण खरंच नाही कळत आजी. पहिल्या वर्षी पाठ करून निघाले. आता टेस्टला पेपर कोरा दिला. सर सगळ्यांसमोर बोलले, तुमचं बेसिकच नाही, आधी ते करा."

मी म्हटलं, फोनवर असतं की सगळं. "व्हिडिओ बघताना कळतं, बंद केला की गेलं. मला कागद पाहिजे. मागे जाता येतं." मग लायब्ररीतून घे. तव्यावरची भाकरी मी उलटली, ती फुगली, तेव्हा माया म्हणाली, "तिथं आमच्या ग्रुपच्या पोरी असतात. असलं पुस्तक हातात बघितलं तर संपलंच." आणि मग हळू आवाजात, "यात अडकले ना, तर मी सोडून देणार कॉलेज. मस्करी नाही. बाबाला बोलू नको. तो कंपनीच्या गेटवर सगळ्यांना सांगत फिरतो." हरिचंद्र आनंदनगरच्या एमआयडीसीत प्रेस मशिनवर आहे. तो सांगत फिरतो हे खरं होतं, मीही फिरत होते. मी पिठाचा हात तिच्या गालाला लावला आणि म्हटलं, घेते बाय, तू म्हणतेस तेच घेते. गालावर पीठ तसंच ठेवून ती बाहेर गेली.

दुकानात जयदेवशेठने दोन्ही पुस्तकं काढून ठेवली होती. "देखो अम्मा, ये पतला वाला शुरुआत का है. चित्र बहुत है, भाषा एकदम सोपी. जिसको कुछ नहीं आता वो भी समझ जाता है. और ये मोठा वाला, साईं, ये प्रोफेसर लोग टेबल पे रखते हैं." राजरत्नाने जाड पुस्तक दोन्ही हातांत घेऊन तोललं, बाजारात कलिंगड तोलतात तसं. राजरत्न आमच्या विहाराचा सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेला, मनाने सरळ माणूस, आवाज तेवढा मोठा. मी बारीक पुस्तक उघडलं. इंग्रजी मला सावकाश येतं, एकेक अक्षर जोडून, पण चित्रांना भाषा नव्हती. एका पानावर ताटल्यांची चळत होती आणि एक हात सगळ्यांत वरची ताटली उचलत होता. पुढच्या पानावर खिडकीसमोर माणसांची रांग होती, पहिला आलेला पहिला सुटत होता, ते बाणाने दाखवलं होतं. आणखी पुढे खोकी होती, प्रत्येक खोक्याने पुढच्याचा हात धरलेला, आणि मधलं एक खोकं काढायचं असलं तर दोन्हीकडचे हात आधी कसे जोडून घ्यायचे ते होतं. मला ते कळलं. उभ्या उभ्या, काउंटरवर, कुणी न सांगता कळलं. छातीत गार वाटलं, उन्हातून आल्यावर माठाला हात लावल्यासारखं. "काय बघताय काकी?" राजरत्न वाकून म्हणाला. मी बोलून गेले, "हे बघ ना, ताटल्या. वरची आधी काढायची, मग खालची." तो मोठ्याने हसला. त्यात वाईट काही नव्हतं, मला अजून वाटतं की नव्हतं. "अरे वा! शेठ, ऐकलं का, आमच्या काकींनापण समजलं! काकी, मग हे तुम्हीच ठेवा. मायाला काय स्टेजवर अंकलिपी द्यायची का?" काउंटरला टेकलेले दोन कॉलेजचे मुलगे वळले आणि माझ्याकडे बघून हसले. "समझना तो अच्छी बात है साईं," जयदेवशेठ म्हणाला. कुणी ते ऐकलं नाही. मीही नाही. मी पुस्तक मिटलं होतं. छातीतला तो गारवा उलटा फिरून कानांच्या पाळ्यांत गरम होऊन आला होता, आणि मनात एकच गोष्ट उभी राहिली होती, की जे मला समजतं ते मोठं नसणार. अंगठा उठवत आलेल्या बाईला जे कळतं ते घेऊन माया कुठे जाणार? लोक काय म्हणतील, इंजिनीअरिंगला गेली आणि ताटल्या मोजते?

आणि बोट गेलं.

परत येताना मी राजरत्नाच्या स्कूटरवर मागे बसले होते, पुस्तक मांडीवर. ते प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं होतं आणि खड्डा आला की मांडीवर आपटत होतं, माणसाचं डोकं आपटावं तसं. राजरत्न पुढून ओरडून बोलत होता, वाऱ्यात अर्धं उडून जात होतं. "विहाराची शान राहिली पाहिजे काकी… फोटो येणार ग्रुपवर… अंबरनाथवाले बघतील…" अंबरनाथच्या एमआयडीसीचा फाटा आला तसा तो वास आला, आंबट, घशाच्या मागच्या भिंतीला चिकटणारा. त्या वासात मी केस पांढरे केले. तिथल्या एका कारखान्यात पावडरीचं पॅकिंग होतं, आम्ही बायका तोंडाला फडकी बांधून बसायचो. माझं वय चाळिशीच्या पुढे गेलं होतं तेव्हा विहारात बायकांचा वर्ग निघाला. शिकवायला स्वप्नाली होती, नुकती बारावी झालेली पोरगी, आम्हाला आया-मावश्या म्हणायची आणि ओरडायचीही. मोठ्यांची पुस्तकं यायची होती ती आलीच नाहीत, म्हणून तिने मुलांची अंकलिपी वाटली. वरती फुगा घेतलेला मुलगा. मी ती डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली घालून न्यायचे. रिक्षात कुणी डबा सरकवला तरी मी पिशवी पोटाशी धरायचे. एकदा राजाबाईने, माझ्या शेजारी पॅकिंगला बसायची तिने, पिशवीत हात घातला आणि अंकलिपी वर काढून सगळ्यांना दाखवली, "बघा गं, रखमा बाळ झाली!" सगळ्या हसल्या, मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, आणि पुढचा आठवडाभर वर्गाला गेले नाही. स्वप्नाली घरी आली म्हणून परत गेले. ती आली नसती तर मी आज काय असते ते मला स्पष्ट दिसतं, आणि त्या दिवशी स्कूटरवरही दिसत होतं. सगळं आठवत होतं. आठवलं म्हणजे शहाणपण येतं असं काही नाही. मांडीवर पुस्तक आपटत होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. एकदा फक्त म्हटलं, "राजरत्ना, ते दुसरं पण घेतलं असतं तर?" तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, गाडी हळू चालव."

आमच्या विहारात एक रीत आहे. गुणगौरवाला हार नाहीत, नारळ नाही, पुस्तक द्यायचं. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर मुलाचं पूर्ण नाव आणि विहाराचं नाव लिहायचं. ते लिहायचं काम माझ्याकडे असतं. उशिरा शिकलेल्या बाईच्या हातचं नाव, म्हणजे पोरांना कळावं की अक्षराची किंमत काय, असं राजरत्नाचं म्हणणं. त्याआधी मला स्टेजवर बोलवतात. मी माईकसमोर उभी राहून सांगते की अंगठा कसा सुटला, पगाराच्या कागदावर पहिली सही केली तेव्हा मुकादम कसा बघत राहिला. टाळ्या पडतात. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की मुकादमाचा चेहरा आता मला आठवत नाही, फक्त सांगताना हात कुठे उचलायचा ते आठवतं. दुसरी एक गोष्ट आहे ती मी सांगत नाही. वाचायला आल्यावर मला काही दिवस वेडच लागलं होतं, दिसेल ते वाचायचे, सिमेंटची गोणी, औषधाची पट्टी, भिंतीवरचा पत्ता. आमच्या मोरीत निळा ड्रम होता, कारखान्यातून आणलेला, कैक वर्षं आम्ही त्यात पाणी भरत होतो. एका सकाळी आंघोळ करताना माझी नजर त्याच्या खालच्या बाजूला गेली. हिंदीत होतं, पण अक्षरं आपलीच. 'इसमें पीने का पानी न रखें.' मी ओल्या अंगाने तिथे बसून राहिले. हरिचंद्र त्याच पाण्यावर वाढला होता. त्याला काही झालं नाही, पुढे कुणाला काही झालं नाही, पण त्या सकाळी मला अक्षरांचा आनंद नव्हता, मला वाटलं की ही अक्षरं एवढी वर्षं माझ्याकडे बघत होती. ही गोष्ट स्टेजवर सांगण्यासारखी नाही. तिला टाळ्या पडणार नाहीत.

दुपारी घरात कुणी नसताना मी ते पुस्तक पाटावर ठेवलं. प्लॅस्टिक काढलं. नव्या कागदाचा वास आला, मला तो आवडतो, त्या दिवशी मी तोंड बाजूला केलं. आत चित्रं नव्हती असं नाही, पण ती आकड्यांनी आणि खुणांनी भरलेली, मुंग्यांच्या वारुळासारखी. मी दहा-बारा ठिकाणी उघडून पाहिलं, कुठे ताटली सापडते का. नाही. पेनचं टोपण काढलं. माझ्या मनाशी मी म्हटलं, नाव लिहिलं नाही तर अजून परत जातं. जयदेवशेठ बदलून देईल. रिक्षाने एकटीने जाऊन येता येईल, बदलापूर ते अंबरनाथ, अंबरनाथ ते उल्हासनगर. गुडघे दुखतील, दुखू देत. तेवढ्यात सून आली, मीनल. ती जवळच्या बालवाडीत मदतनीस आहे. दारातच चपला काढता काढता तिने पुस्तक पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाई गं, एवढं मोठं! आई, हे सगळं आपल्या मायाला येतं?" ती आली, बसली, हात पदराला पुसून तिने पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "तुमच्या हातानं लिहा हां, छान मोठ्या अक्षरात." मी लिहिलं. माया हरिचंद्र. आडनाव. विहाराचं नाव. अक्षर चांगलं आलं, नेहमीपेक्षा चांगलं. शाई वाळेपर्यंत मीनल त्यावर फुंकर घालत होती.

रविवारी विहारात जागा नव्हती. पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास चालू होता, त्यामुळे बायका सगळ्या पांढऱ्या साड्यांत. वंदना झाली. मला बोलवलं, मी माझी गोष्ट सांगितली, हात उचलायच्या ठिकाणी उचलला. मग राजरत्नाने माईक घेतला. "आपल्या वस्तीची कन्या! कॉम्प्युटर इंजिनीअर! आणि पुस्तक देणार तिची स्वतःची आजी. अक्षरशत्रू होती ती, आज इंजिनीअरला पुस्तक देते!" हरिचंद्र शिफ्ट बदलून आला होता, इस्त्रीच्या शर्टात, मागे भिंतीशी उभा. माया पुढे आली. पुस्तक रंगीत कागदात होतं आणि तिला ते माझ्या हातात दिसलं तेव्हाच कळलं. कागद काढायच्या आधी. जाडीवरून. मी तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हते, तिच्या हातांकडे बघत होते. हात पुढे आले, एक क्षण थांबले, मग खालून घट्ट झाले, कारण पुस्तक जड होतं. "उघड, उघड, सगळ्यांना दाखव!" राजरत्न म्हणाला. तिने कागद फाडला. बायकांमधून 'अरे बापरे' असा आवाज आला. फोटो निघाला. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि वाकताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "थँक्यू आजी." शिवी दिली असती तर चाललं असतं. राजरत्नाने माईक तिच्या तोंडाशी धरला. ती म्हणाली, "मी खूप मेहनत घेईन." टाळ्या पडल्या. मागे हरिचंद्र दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होता.

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. हेच मला सोसेना. विचारलं असतं तर मी काही सांगितलं असतं, सबबी तयार होत्या, राजरत्न असं म्हणाला, दुकानात ते नव्हतंच. खोटं बोलायची तयारी करून मी घरात फिरत होते आणि ते वापरायची वेळच येत नव्हती. ती नीट बोलायची. चहा द्यायची. माझी बीपीची गोळी हातावर ठेवायची. पुस्तक टीव्हीच्या शेजारी, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेलं होतं, मीनलने ठेवलं होतं, आणि आलंगेलं त्याला हात लावून बघायचं. एक दिवस खालच्या मजल्यावरची विठा येऊन ते उचलून बघून गेली, "हे तर माझ्या सिलिंडरएवढं भरेल गं!" माया हसली. माझ्या लक्षात आलं की ती हल्ली कॉलेजला उशिरा निघते. एक-दोनदा निघालीच नाही, सुट्टी आहे म्हणाली. त्यात खरं किती ते मी विचारलं नाही. मला त्या उत्तराची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, ती मला विचारेल त्याची.

मग ती दुपार. हरिचंद्र रात्रपाळी करून आतल्या खोलीत कॉटवर झोपला होता, दार लोटलेलं. मीनल कामावर. मी भिंतीला टेकून मेथी निवडत होते आणि माया खिडकीत ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पंख्याचा आवाज, आणि पान उलटल्याचा. थोड्या वेळाने पुन्हा पान. पुन्हा. माझे हात थांबले. मला कुणी सांगायची गरज नव्हती, तो आवाज मी ओळखत होते, तो माझ्या अंगात होता. अक्षर येत नव्हतं तेव्हा दवाखान्यात नंबराची वाट बघताना मी पेपर हातात घ्यायचे. फोटोवरून सरळ-उलटा कळायचा, तेवढं जमायचं. डोळे ओळींवर ठेवायचे आणि अंदाजाने पान उलटायचं. पुढे वाचायला लागले तेव्हा समजलं की खरं वाचणाऱ्याचं पान असं एका चालीत उलटत नाही. तो अडतो, मागे जातो, एखाद्या ओळीला बसूनच राहतो. माझं पान मात्र घड्याळासारखं उलटायचं. आता माझी नात, कॉम्प्युटर शिकणारी, माझ्यासमोर खिडकीत बसून तसंच पान उलटत होती. कुणासाठी? आत बाप झोपलेला. समोर फक्त मी होते. म्हणजे ते माझ्यासाठी चाललं होतं. मी दिलेल्या पुस्तकाचा मान म्हणून ती माझ्यासमोर वाचण्याचं सोंग करत होती, आणि हे सोंग तिला शिकवायला मला काही करावं लागलं नव्हतं, एक बोट पुरलं होतं.

"माया," मी म्हटलं. "ठेव ते."

तिने वर पाहिलं नाही. "वाचतेय ना."

"नाही वाचत."

पान उलटायला उचललेलं बोट तिथेच राहिलं. आत हरिचंद्र कुशीवर वळला, कॉट करकरली. दोघी थांबलो. मग ती अगदी हळू, पुस्तकाकडेच बघत म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं. दुकानात नव्हतं का ते?"

सबब आली होती जिभेवर. मी म्हटलं, "होतं. हातात घेतलं होतं मी."

"मग?"

मी मेथीची काडी मोडत राहिले. पानं संपली होती तिची, तरी मोडत राहिले.

"तुला माझी लाज वाटली का?" तिने विचारलं.

त्या वेळी माझ्यापुढे पुष्कळ उत्तरं आली. नाही गं बाय, हे एक. माझीच मला वाटली, हे दुसरं, आणि ते खोटंही नव्हतं. राजाबाईची गोष्ट सांगता आली असती, अंकलिपीची, ती ऐकून ती रडली असती आणि मला जवळ घेतलं असतं, आणि सगळं माझ्या दुःखावर जाऊन मिटलं असतं. मला ते करता येतं. पुष्कळ वर्षं स्टेजवर करत आले. तिने आता मान वर केली होती आणि ती वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "वाटली. तू स्टेजवर ते बारीक पुस्तक घेऊन उभी राहशील, आणि लोक बघतील, याची."

तिने पुस्तक मिटलं आणि शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. बराच वेळ बाहेर बघत होती. बाहेर समोरच्या नव्या बिल्डिंगला रंग लावत होते, झुल्यावर एक माणूस बसला होता, पिवळ्या हेल्मेटचा. मला वाटलं आता उठून जाईल. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, हसण्याचा की कशाचा ते कळलं नाही. "मलापण वाटते," ती म्हणाली.

"कुणाची?"

"तुझी. तू दरवर्षी स्टेजवर ती सहीची गोष्ट सांगतेस ना, तेव्हा. शाळेत होते तेव्हापासून. मी मागे जाऊन चपलांपाशी उभी राहायचे." आणि लगेच, घाबरून, "आजी, मी तसं…"

"असू दे," मी म्हटलं. लागलं. खूप आत लागलं, जिथे मला वाटत होतं की आता काही उरलेलं नाही तिथे. टाळ्या वाजत असताना माझी नात चपलांमध्ये उभी. पण त्याबरोबर एक विचित्र हलकेपण आलं. दोघी मेथीच्या पसाऱ्यात समोरासमोर बसलो होतो आणि एकमेकींची लाज मधे फरशीवर पडली होती, आता ती झाकायला कुणाकडेच काही नव्हतं. "मग बोलायचीस ना," मी म्हटलं. "मी दुसरी गोष्ट सांगितली असती. ड्रमाची." "कुठल्या ड्रमाची?" "सांगेन कधीतरी."

तेवढ्यात आतून आवाज आला, "आई, चहा टाकतेस का?" हरिचंद्र उठला होता. मी गुडघ्यावर हात देऊन उठले, ओट्याशी गेले. पाणी ठेवलं, साखर घातली. मागून मायाची पावलं आतल्या खोलीत गेली. मी गॅस बारीक केला, ऐकू यावं म्हणून.

"वाचत होतीस?" हरिचंद्राचा झोपेतला, लाडाचा आवाज. "किती झालं?"

"बाबा, मला त्यातलं काही समजत नाही."

"कठीण असणारच ना ते. हळूहळू…"

"तसं नाही. त्याच्या आधीचंच समजत नाही. टेस्टला मी काही लिहिलं नाही. तीन दिवस कॉलेजलापण गेले नाही."

मी दूध घालायचं विसरून पातेल्यात बघत उभी होते. माझ्या मुलाचा चेहरा मला न बघता दिसत होता, गेटवरच्या सगळ्यांना सांगितलेलं एकेक त्याच्या तोंडावरून उतरत जाताना. मग तो म्हणाला, "मला का नाही बोललीस?"

"तू सगळ्यांना सांगून ठेवलंयस."

तो खाकरला. "मग आता?"

"दुसरं पुस्तक आहे. छोटं. त्याच्यात एकदम सोप्यापासून आहे. ते घेऊन मी परत बसते. नाही जमलं तर मग बघू. पण लोक हसतील असलं पुस्तक आहे ते."

"कोण हसतंय?" हरिचंद्राचा आवाज चढला. पहिल्यांदाच चढला, आणि तो तिच्यावर नव्हता. "नाव सांग. कोण हसतंय तुला?"

मी गाळणी हातात धरून वाट बघत होते. तिला नाव माहीत होतं. आत्ताच मी माझ्या तोंडाने तिला दिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कुणी नाही. असंच."

तिने माझं नाव घेतलं नाही. मी दूध घातलं, चहा वर आला, तो गाळला. तीन कप भरले. कपांचं ताट घेऊन मी दारापर्यंत गेले आणि तिथे माझे पाय थांबले, आतही नाही, बाहेरही नाही. मग आत गेले. ताट कॉटवर ठेवलं. उभ्यानेच म्हटलं, "हरी, ते पुस्तक मी निवडलंय. तिने बारीक मागितलं होतं. मला लाज वाटली, म्हणून मी जाड आणलं."

हरिचंद्राने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पाय पसरून बसला होता तो, रात्रभर मशिनपुढे उभं राहून सुजलेले पाय. त्याने ते जवळ ओढून घेतले, मला बसायला जागा व्हावी म्हणून.